विश्वस्त शोधताना : प्रस्तावना

संस्था काढायची ठरली की आधी तिचे नाव ठरते, मग बोधचिन्ह, मग उद्घाटनाला कोणाला बोलवायचे ते. नोंदणीचा अर्ज भरायची वेळ आली की कोणीतरी विचारते, "सात जण कोण कोण टाकायचे?" १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याला किमान सात माणसे लागतात, म्हणून सात. संस्थापक, त्यांच्या पत्नी, एक मेहुणा, कॉलेजातले दोन मित्र, गावातले एक नामवंत डॉक्टर आणि सहीला कधीही नाही न म्हणणारे एखादे सद्गृहस्थ. अर्ध्या तासात यादी पुरी होते. जमीन, इमारत, वसतिगृहातली मुले, देणगीदारांचा पैसा आणि शेकडो माणसांचा भरवसा पुढे पन्नास वर्षे ज्या मंडळाच्या हाती राहणार, ते मंडळ असे उभे राहते. त्या अर्ध्या तासाच्या जागी निदान वर्षभराचा विचार यावा, एवढ्यासाठी मी हे पुस्तक लिहिले आहे.

माझा बराच काळ लहान संस्थांत गेला. वाचनालय, मुलींचे वसतिगृह, तालुक्याच्या गावातली आरोग्य संस्था अशा ठिकाणी कधी कार्यवाह म्हणून, कधी विश्वस्त म्हणून मी काम केले. संस्था बंद पडतानाही जवळून पाहिल्या. पैसा संपला म्हणून बंद पडलेल्या त्यांत थोड्या. बहुतेक ठिकाणी पैसा होता, जागा होती, कामाची गरजही होती; पण "हे असे का?" असे विचारणारे मंडळात कोणी उरले नव्हते. संस्थापक थकले होते, त्यांच्या शब्दाबाहेर जायची कोणाला सवय नव्हती, आणि त्यांच्यामागे काय हा विषय काढणे अभद्र मानले जात होते. म्हणून या पुस्तकाचा आग्रह एकच आहे. विश्वस्त शोधणे हे संस्थेच्या इतर कुठल्याही कामाइतकेच मोठे काम आहे, आणि शोधायचा तो प्रश्न विचारणारा माणूस. त्याला प्रश्न विचारता येतील अशी बैठक चालवणे हाही त्याच कामाचा भाग.

आधी महाराष्ट्रातली कायद्याची चौकट सांगते, कारण तिचा विसर पडला की पुढचे सगळे चुकते. धर्मादाय हेतूची संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदली, तरी तिला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. हा कायदा मूळचा मुंबई राज्याचा. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. दोन नोंदण्यांमुळे एकाच माणसाकडे दोन भूमिका येतात. सभासदांच्या लेखी तो कार्यकारिणीचा सदस्य असतो, निवडून आलेला आणि पुढच्या निवडणुकीत जाऊ शकणारा. धर्मादाय आयुक्तांच्या लेखी तो विश्वस्त असतो, म्हणजे लोकांच्या मालमत्तेचा राखणदार. पहिली भूमिका सगळ्यांना ठाऊक असते, दुसरीची जाणीव पुष्कळांना नोटीस आल्यावर होते. "मी फक्त नावाला होतो" असे सांगणारी ज्येष्ठ मंडळी धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर बसलेली मी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी वाईट वाटते, पण नावापुरत्या विश्वस्तांचा वेगळा वर्ग कायद्यात नाही.

हा विषय आपल्याकडे आजचा नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेचा जन्मच मुळी एका देवस्थानाच्या कारभारावरच्या नाराजीतून झाला. पर्वती संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, त्या मांडायला माणसे जमली आणि त्यातून १८७० साली सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्राण होते. सभेचा सभासद होऊ पाहणाऱ्याला किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने इथे बसलो आहोत, हे त्या माणसाला कागदावर दाखवता येत असे. आज एखाद्या वसतिगृहाच्या विश्वस्ताला हाच प्रश्न विचारला, तर उत्तर बहुधा "अण्णांनी बोलावले म्हणून आलो" असे मिळते. अण्णा चांगले असतात, बोलावणेही प्रेमाचे असते. पण अण्णांच्या प्रेमाखातर आलेला माणूस अण्णांना प्रश्न विचारील, ही अपेक्षा धरता येत नाही.

त्याच सार्वजनिक सभेत १८९५ मध्ये टिळकांच्या बाजूचे बहुमत झाले, न्यायमूर्ती रानडे आणि गोखले बाहेर पडले आणि १८९६ मध्ये डेक्कन सभा निघाली. मंडळात मतभेद झाला की वेगळी संस्था काढायची, ही आपली जुनी रीत. तिने महाराष्ट्राला संस्था पुष्कळ दिल्या. मतभेद पोटात घेऊन एका टेबलाभोवती बसायची सवय मात्र दिली नाही, असे माझे मत आहे.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा सुरुवातीचा इतिहास तर प्रत्येक नव्या विश्वस्ताने वाचावा. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्यांनी तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षे शिकवायचे आणि संस्थेचा कारभारही त्यांनीच पाहायचा, अशी ती योजना होती. टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, नामजोशी, पुढे गोखले. यांच्याहून सचोटीची माणसे कुठल्या मंडळाला मिळणार? तरीही सोसायटी निघाल्यापासून सहा वर्षांत ताण इतका वाढला की १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी सविस्तर राजीनामा लिहून दिला. सामाजिक सुधारणेवरून टिळक-आगरकरांचे बिनसले होतेच. पण मंडळात रोज घासले जाणारे प्रश्न दुसरेच होते. आजीव सदस्याने बाहेरची कामे घ्यावीत का? बाहेरून मिळालेले पैसे कोणाचे? वेतनवाढ मागणे योग्य की अयोग्य? संस्थेला आपले किती आयुष्य द्यायचे? गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, ते शेवटचे निमित्त ठरले. टिळकांना सर्वस्वाचा त्याग अपेक्षित होता, आगरकरांना संसारी माणसाला झेपेल इतका. दोघेही प्रामाणिक होते. एकाच संस्थेसाठी प्रत्येकाने मनात वेगळा करार धरला होता आणि तो आरंभी पुरता बोलला गेला नव्हता.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचेही असेच झाले. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, त्याने दहा वर्षे मदतीचा शब्द दिला, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. इथे सल्ला द्यायला रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. सदनात धर्मप्रसार होणार नाही, ही अट सर्वांना मान्य होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थनेला बसल्या आणि एखादी मुलगी आपण होऊन येऊन बसली, तर ते अटीत बसते की नाही? रमाबाईंच्या मते दार बंद करण्याचे कारण नव्हते. सल्लागारांच्या मते ते दार उघडे ठेवणे म्हणजेच अट मोडणे होते. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले. यात कोणाची बाजू खरी हा वाद इथे नको. ज्या विधवा मुलींसाठी सदन होते, त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना घरच्यांनी काढून नेले, हे मला जास्त लागते. मंडळ आणि संचालिका यांच्यात जे स्पष्ट झालेले नसते, त्याची किंमत शेवटी संस्थेत राहणारे लोक देतात.

म्हणून निमंत्रणाची भाषा बदलायला हवी. आज आपण एखाद्या भल्या माणसाला विश्वस्त व्हायला विनवतो तेव्हा काय म्हणतो? "काही काम नाही हो, वर्षातून दोन मीटिंगा. नुसते नाव हवे आहे." हे वाक्य ऐकून जो हो म्हणतो, तो काम न करण्याच्या बोलीवरच आत येतो, नंतर तो येत नाही अशी तक्रार करण्याचा हक्क आपण गमावलेला असतो. त्याऐवजी खरे सांगावे. वर्षाला किती बैठका, त्या कुठे आणि किती वाजता. दोन बैठकांच्या मधे काय वाचावे लागेल. देणगी अपेक्षित आहे का, ओळखीतून मदत मिळवून देणे अपेक्षित आहे का. संस्थेवर कुठला दावा चालू आहे, कोणते देणे आहे. मुदत किती वर्षांची. आणि त्या माणसाने संस्थेकडून काय घ्यायचे नाही. यातला शेवटचा भाग बोलताना जीभ अडखळते, पण तोच आधी बोलावा. विश्वस्ताच्या भावाला बांधकामाचे काम, पुतणीला लिपिकाची जागा, घरच्या समारंभाला संस्थेचे सभागृह, अशा गोष्टींनीच मंडळे कुजतात. प्राप्तिकर कायदाही विश्वस्तांना आणि त्यांच्या नातेवाइकांना होणाऱ्या लाभाकडे कडक नजरेने पाहतो. त्यापायी संस्थेची करसवलत धोक्यात येते.

मोठ्या नावांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे. लेटरहेडवर मोठे नाव हवे, ही हौस लहानातल्या लहान संस्थेला असते. नाव उपयोगी पडत नाही असे नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले तेव्हा त्याच्या मंडळीचे अध्यक्षपद डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे होते आणि वणवण कर्व्यांची होती. विधवेशी लग्न केलेल्या माणसाने विधवांसाठी आश्रम काढावा आणि त्यात लोकांनी आपल्या मुली पाठवाव्यात, हे त्या काळात किती अवघड होते! भांडारकरांच्या विद्वत्तेचा दबदबा त्या वेळी कामाला आला. पण त्याहून महत्त्वाचे हे, की १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून त्यांनी स्वतः समाजाचा रोष अंगावर घेतला होता. संस्थेच्या हेतूसाठी त्या नावाने आधीच झीज सोसली होती. मोठे नाव घ्यायचे असेल तर ही कसोटी लावावी. कामाशी आयुष्यात कधी संबंध न आलेली कीर्ती संस्थेच्या अडचणीच्या दिवशी धावून येत नाही.

दुसरा प्रसंग मला अधिक शिकवणारा वाटतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. सदस्य निवडण्याची तिथली शिस्त कडक होती. नव्या माणसाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. १९१५ च्या आरंभी गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले. त्यांनी समाजात यावे ही गोखल्यांची मनापासून इच्छा होती. फेब्रुवारीत गोखले गेले. गांधीजींनी सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि समाजात दोन तट पडले. गुरूची इच्छा एका बाजूला, आणि या माणसाचे विचार व काम करण्याची रीत आपल्या संस्थेशी जुळेल का ही शंका दुसऱ्या बाजूला. गोखले नुकतेच गेलेले, अर्जदार त्यांचा लाडका, देशभर त्याचे नाव झालेले. अशा वेळी शंका बोलून दाखवायला धैर्य लागते. सदस्यांनी ते दाखवले. आणि बहुमताच्या जोरावर आत जाण्यापेक्षा गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. समाजातल्या श्रीनिवास शास्त्री आणि मंडळींशी त्यांचा स्नेह पुढे टिकला. आपल्या संस्थांत याच्या उलट घडते. नाव मोठे म्हणून कोणी बोलत नाही, ठराव टाळ्यांनी मंजूर होतो आणि दोन वर्षांत कुरबुर सुरू होते. जो माणूस आत येण्यापूर्वी शंका ऐकून घेऊ शकत नाही, तो आत आल्यावर ऐकेल असे समजू नये.

बाहेरचा माणूस मंडळात का हवा, याचे उत्तम उदाहरण सहकाराने दिले आहे. लोणीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा अध्यक्ष म्हणून त्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांना आणले. भाग भांडवलासाठी दारोदार हिंडणारे विखे पाटील होते, गावकी त्यांना ओळखत होती. तरीही त्यांनी मुख्य खुर्चीवर आकडे समजणारा, गावच्या भावकीत आणि गटातटांत न गुंतलेला माणूस बसवला. सरकार आणि वित्तसंस्था यांच्याशी बोलताना गाडगीळांच्या शब्दाला वजन होते. आणि कारखान्यात एखाद्याला नाही म्हणायची वेळ आली, तर ते नाही कुठल्या घरचे म्हणून ऐकावे लागत नव्हते. संस्थापकाने आपल्याहून वेगळ्या माणसाला वरची जागा देणे, यासारखी दूरदृष्टी मी फार कमी पाहिली आहे. पुढच्या काळात सहकारातल्या किती संचालक मंडळांनी हा धडा लक्षात ठेवला, ते वाचकांना ठाऊकच आहे.

आता शोधायचे कुठे? फोनमधली नावे वरून खाली चाळू नयेत. आपल्या मंडळात आज काय नाही, याची आधी नोंद करावी. हिशेब वाचता येणारे कोणी आहे का? जमिनीची कागदपत्रे कळणारे? ज्या वस्तीत काम आहे त्या वस्तीतले? चाळिशीच्या आतले? निवृत्त बँक अधिकारी, शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, तलाठी म्हणून नोकरी केलेला माणूस, ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. संस्थेचे माजी विद्यार्थी तर सर्वांत दुर्लक्षित. ज्या मुलीने त्याच वसतिगृहात सहा वर्षे काढली, तिला तिथल्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही हे ठाऊक असते. मंडळातल्या आठ पुरुषांना ते वीस वर्षांत कळलेले नसते. मुलींच्या वसतिगृहाच्या मंडळात एकही बाई नाही, आदिवासी आश्रमशाळेच्या मंडळात एकही आदिवासी नाही, अशी उदाहरणे मी मोजू शकणार नाही इतकी पाहिली. याची मला चीड येते आणि ती लपवावी असे वाटत नाही. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांना लाभार्थी म्हणून फोटोत घ्यायचे आणि बैठकीत घ्यायचे नाही, हा त्यांचा अपमान आहे.

माणूस सापडला की लगेच विश्वस्त करू नये. आधी एखाद्या उपसमितीत घ्यावे, ग्रंथ खरेदीची असो, बांधकामाची असो. घटनेत तरतूद असेल तर वर्षभर स्वीकृत सदस्य म्हणून बोलवावे. तो वेळेवर येतो का, कागद वाचून येतो का, मतभेद झाल्यावर पुढच्या बैठकीला त्याच मोकळेपणाने येतो का, हे वर्षात कळते. त्यालाही संस्था कळते. मग औपचारिक निमंत्रण द्यावे आणि सोबत चार गोष्टी हातात ठेवाव्यात : संस्थेची घटना, परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांच्या नावांची नोंद), मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि वर्षभराची इतिवृत्ते. ते वाचून एखाद्याने नकार दिला, तर मला ते यश वाटते. त्याने आपल्याला पुढचा मनस्ताप वाचवला.

बैठकीबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, तरी एक गोष्ट इथेच सांगते. आपल्या बहुतेक बैठकांचा पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' आणि शेवटचा 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. पहिला विषय कार्यवाह इतक्या भरभर वाचतात की कोणाला काही कळत नाही, आणि संस्थेची जमीन, मोठी खरेदी, नेमणूक हे सगळे शेवटच्या विषयात, चहा आल्यावर, माणसे चपला शोधायला लागल्यावर येते. पैशाचा आणि मालमत्तेचा विषय आयत्या वेळी घ्यायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे वाद टळतात. विषयपत्रिका आठ दिवस आधी जावी आणि तिच्याबरोबर कागद जावेत. ज्या विश्वस्ताला ताळेबंद बैठकीतच पहिल्यांदा दिसतो, तो प्रश्न विचारत नाही. आपले अज्ञान उघडे पडेल म्हणून गप्प बसतो, आणि ठराव 'सर्वानुमते' होतो. विरोधी मत असेल तर ते नावासह इतिवृत्तात लिहावे. तसे लिहिल्याने एकी मोडते असे समजणाऱ्यांना मी सांगते, लिहिलेला विरोध बैठकीतच संपतो. न लिहिलेला बाहेर चहाच्या टपरीवर जातो.

विश्वस्त आणि कर्मचारी यांच्यातली रेषाही पाळावी लागते. धोरण मंडळाने ठरवायचे, काम कार्यवाहाने किंवा संचालकाने करून घ्यायचे. पण उत्साही विश्वस्त थेट लिपिकाला फोन करतात, वसतिगृहाच्या अधीक्षिकेला परस्पर सूचना देतात, दोन विश्वस्तांच्या दोन सूचना परस्परविरुद्ध असतात आणि बिचारी अधीक्षिका रडकुंडीला येते. अध्यक्षांचे खरे काम इथे असते. त्यांनी आपल्या सहकाऱ्याला एकट्यात, आदराने, पण स्पष्ट सांगायला हवे. दुसऱ्या टोकाला, मंडळाला संचालक फक्त चांगल्या बातम्या सांगतात. अनुदान अडले, शिक्षक सोडून गेला, तक्रार आली, हे विश्वस्तांना वर्तमानपत्रातून कळते. ज्या मंडळाला वाईट बातमी सर्वांत आधी मिळते, ते मंडळ संस्थेच्या पाठीशी उभे राहते, असा माझा अनुभव आहे.

संस्थापकांचा विषय नाजूक आहे. ज्यांनी घरदार विसरून संस्था उभी केली, त्यांच्यासमोर प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे वाटते. मी संस्थापकांनाच विनंती करीन : बैठकीत आपले मत शेवटी सांगा. आपण आधी बोललात की बैठक तिथेच संपते. आणि आपण हयात असताना, धडधाकट असताना, एक बैठक स्वतः अनुपस्थित राहून होऊ द्या.

कायद्याच्या काही गोष्टी विश्वस्ताला तोंडपाठ असाव्यात. विश्वस्त बदलला, मृत्यू पावला, राजीनामा दिला, तर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करावा लागतो. स्थावर मालमत्ता विकणे, गहाण टाकणे, देऊन टाकणे यांसाठी कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून आणि इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तरीही लागते. कर्ज काढण्यालाही परवानगी हवी. आणि १८६० च्या कायद्यानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देता येत नाही. सभासदांची यादी आणि वर्गणीच्या पावत्या नीट ठेवल्या नाहीत, तर निवडणूक झाल्यावर दोन्ही गट आपापले चेंज रिपोर्ट घेऊन पोचतात, प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात, बँक नव्या सह्या घेत नाही आणि पगार अडकतात.

विश्वस्ताने जायचे कधी, हे यायच्या दिवशीच ठरावे. तहहयात पदाच्या मी विरोधात आहे. तीन किंवा पाच वर्षांची मुदत, फार तर एकदा मुदतवाढ, आणि मंडळातले सगळे एकाच वेळी जाणार नाहीत अशी आखणी, हे बहुतेक लहान संस्थांना पुरेसे आहे. सलग तीन बैठकांना कारण न कळवता गैरहजर राहिल्यास पद रिक्त होईल, असे पुष्कळ घटनांत लिहिलेले असते आणि भिडेपायी कोणी अमलात आणत नाही. भीड बाजूला ठेवावी. त्या विश्वस्ताला भेटून विचारावे, मोकळे व्हायचे असेल तर वार्षिक सभेत सन्मानाने निरोप द्यावा, त्याच्या अनुभवासाठी पुढेही बोलवत राहावे. राजीनामा म्हणजे भांडण, ही समजूत मोडली तर पुष्कळ चांगली माणसे वेळेवर बाजूला होतील आणि पुष्कळ चांगली माणसे आत यायला तयार होतील.

पुढील प्रकरणांत निमंत्रणाच्या पत्राचे, विश्वस्ताच्या संमतीपत्राचे, हितसंबंध जाहीर करण्याच्या निवेदनाचे आणि इतिवृत्ताचे नमुने दिले आहेत. ते जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. आपल्या घटनेशी ताडून बदला, आणि गरज पडेल तिथे वकिलांचा सल्ला घ्या.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी मात्र एक करा. धर्मादाय कार्यालयातून आपल्या संस्थेच्या परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा आणि पुढच्या बैठकीत त्यावरची नावे मोठ्याने वाचा. हयात नसलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावे अजून त्यात असतील, तर त्यांचा बदल अर्ज हा त्या बैठकीचा पहिला विषय ठेवा. रिकाम्या जागांवर कोण, हे त्याच दिवशी ठरवू नका. ते काम मंडळातल्या दोघांकडे सोपवा आणि त्यांना वर्षभराची मुदत द्या.